बाजारपेठेत आफ्रिकेचं गाणं

मोर्चासाठी भोंग्याची रिक्षा फिरवायची तर घोषणेआधी गाणं लागतं. नुसत्या घोषणेला कोणी ओट्यावर येत नाही. सिनेमाचं लावलं की आमचेच जुने कार्यकर्ते चिडत, देशभक्तीचं लावलं की लोकांना झेंडावंदन वाटे. म्हणून मी आफ्रिकेचं लावलं.

हे वेड महाडच्या सायबर कॅफेत लागलं. कोणी परदेशी माणूस सत्तरच्या दशकातल्या आफ्रिकन फंकच्या, म्हणजे ठेकेदार नाचाच्या गाण्यांच्या, तबकड्या हुडकून, जोडून तासातासाची मिक्स नेटवर टाकायचा. गायकाचं नाव नाही, देशाचं नाही. पण ते ट्रम्पेट! मोर्चाची पत्रकं मी लिहायचो; पत्रकाची पहिली ओळ अशी उठायला हवी. रिक्षा चालवणारा माझा मित्र तर असा नादावला की त्याच्या दुबईतल्या भावानं त्याच जुन्या गाण्यांची नव्यानं निघालेली सीडी पाठवली.

मोर्चा पोलादपूरच्या वाड्यांना पाण्याचे टँकर मिळावेत म्हणून होता. वाटेतल्या एका बाजारपेठेत हवालदारानं रिक्षा अडवली.

"ही कुठली भाषा?"

"आफ्रिकेतली."

"आफ्रिका काय तुझ्या आळीत हाय? काय म्हणतोय तो?"

पत्रकातला शब्द न् शब्द तोलणारा मी, आणि या गाण्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. मग त्यानं मित्राला नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्याचा सूर बदलला. मित्राला चौकीत बसवलं आणि मला सांगितलं, "गाण्याचा अर्थ घेऊन ये, नायतर हा पुढं जाईल." परवानगी माझ्या सहीची, गाणं माझ्या पसंतीचं, आणि आत तो! पुढं म्हणजे कुठं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मुंबईत कुठं काही घडलं की त्याच्यासारख्या नावाच्या पोरांना काय काय विचारतात, ते आम्ही ऐकून होतो.

सीडीसोबतची पुस्तिका महाडला त्याच्या घरी होती. एसटीनं गेलो. त्याची आई म्हणाली, "जेवाया कवा येतोय तो?"

"येईलच," म्हटलं आणि पुस्तिका मागून घेतली.

परतीच्या एसटीत पुस्तिका चाळली. ट्रम्पेट कोणी वाजवलं, ध्वनिमुद्रण कुठं झालं, सगळं होतं. शब्दांच्या अर्थाबद्दल एक अक्षर नाही. पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. नाही. आणि तो गायक बंदुकीबद्दल गात असला तर?

चौकीत आता फौजदार आले होते. त्या साहेबांपुढं पुस्तिकेचं इंग्रजी पान उघडून त्यावर बोट ठेवलं. "लग्नातलं गाणं आहे, साहेब. नवरीला पाण्याला नेतात, तेव्हाचं."

साहेबांनी पान उलटलं, पुन्हा सुलटलं. "मग लग्नात वाजवा ना रे. घेऊन जा याला."

बरंच अंतर गेल्यावर मित्रानं विचारलं, "खरंच नवरीचं हाय काय रे?"

"माहीत नाही."

त्यानं रिक्षा कडेला घेतली, प्लेअरमधून सीडी काढून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडंच ठेव. माझ्या घरात नको."

ती सीडी माझ्याकडं आहे. आता नेटवर शोधलं तर अर्थ सापडेलही. मी शोधत नाही. भीती वाटते.