एका तालातल्या टाळ्या

लाउटरब्रुकच्या विद्यापीठाची एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघालेली आहे. तिच्यात विद्यापीठाचा सगळा इतिहास आहे, रंगीत फोटोंसकट. रोझविटा क्रेचमर हे नाव मात्र तिच्यात नाही. शोधायची तसदी घेऊ नका, ज्यांनी घ्यायची त्यांनी घेऊन झालीय.

आणि गंमत बघा, ह्या बाईने त्या विद्यापीठाच्या विटा मोजल्या होत्या. चेष्टा नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथे विद्यापीठ कुठलं, बाँब पडून आडवी झालेली सूतगिरणी होती. रोझविटाची आई एल्फ्रीड त्याच गिरणीत सूत कातायला असायची. गिरणी गेली, नवरा लढाईवर गेला तो रशियातच राहिला, मग आई हातोडी घेऊन ढिगाऱ्यावर बसली. विटेला चिकटलेला जुना चुना ठोकून काढायचा आणि साफ वीट पलीकडे द्यायची. पलीकडे चिमुरडी रोझविटा, नाक ओढत विटा मोजून रचायची. त्याच विटांतून पुढे कापडयंत्रांच्या शिक्षणाची शाळा उभी राहिली. मोठ्या सभागृहातले लांबलचक बाक तर गिरणीच्या जमिनीच्या फळ्यांना रंधा मारून केलेले. त्यांना कितीतरी वर्षं यंत्रांच्या तेलाचा वास यायचा. त्या फळ्या वाहून आणताना आईच्या खांद्याची सालं निघाली होती.

"ह्या बाकावर तू बसायचंस," आई म्हणाली होती. "मी नुसतं वाहायचं आणि बसायचं दुसऱ्याच कुणी, असं चालायचं नाही. कळलं का?"

कळलं. रोझविटा बसली, शिकली आणि पुढे त्याच बाकांसमोर उभी राहून शिकवायलाही लागली. लढाईनंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीला शिव्या घालायच्या तेवढ्या घाला, पण सूत कातणारीच्या पोरीला तिनेच कॉलेजात आणलं, हेही सांगायला नको का?

शिकवायच्या कशा म्हणाल, तर बाई स्वतःच्या अंगातला स्वेटर उसवायच्या. वर्षाच्या पहिल्या तासाला बाहीचं एक टोक ओढायचं आणि बोलता बोलता कोपरापर्यंतची बाही नाहीशी करायची. विणीचा एकेक टाका दुसऱ्याला कसा धरून असतो, हे मग त्या पोरांना जन्मात विसरता येत नसे. दर साली एका स्वेटरचा बळी. तास संपला की पोरं बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करायची. विद्यापीठात शाबासकी द्यायची ती अशीच, सगळीकडे. वर्गात टाळ्या वाजवत नाहीत. टाळ्या होत्या त्या एक मेच्या मोर्चात आणि पार्टीच्या सभेत. तिथे सगळ्यांनी उठायचं आणि एका तालात वाजवायच्या, थप, थप, थप, वरून खूण होईपर्यंत. बालवाडीपासून हाताला वळणच पडलेलं.

बाई प्रोफेसर काही झाल्या नाहीत. पार्टीत नव्हत्या ना. विभागप्रमुख अधूनमधून खडा टाकून बघायचे, "क्रेचमरबाई, एक सही तर करायचीय. कोण मागाहून विचारतंय?"

"माझी सही गुणपत्रिकेवर असते तेवढी पुरे," बाई म्हणायच्या. त्यामुळे त्या व्याख्यात्याच राहिल्या, आणि त्यांनी शिकवलेली दोन टगी त्यांच्या डोक्यावर प्रोफेसर होऊन बसली.

मग पूर्व आणि पश्चिम तोडणारी भिंत पडली, राजवट गेली. त्यासाठी मेणबत्ती घेऊन रस्त्यावर उतरलेल्यांत बाईसुद्धा होत्या. वाटलं, आता खरं काय ते होईल. झालं काय, तर शाळेची पाटी उतरून विद्यापीठाची पाटी चढली, पश्चिमेकडून लांब गाड्यांतून समित्या आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं की जुन्या विभागांचा गाशा गुंडाळायचा. ज्यांना राहायचंय त्यांनी नव्याने अर्ज करावा, स्वतःच्याच जागेसाठी. म्हणजे आपल्याच घराच्या दारात उभं राहून विचारायचं, आत येऊ का? आलेले सगळे काही नालायक नव्हते हो. चांगले शिकलेले, सभ्य, दार उघडून धरणारे. म्हणून तर जास्त चीड यायची.

बाईंचं वय तेव्हा पन्नास. गावातल्या उरल्यासुरल्या गिरण्या एकेक करून बंद होत होत्या. इथली जागा गेली की पुढे यंत्र नाही, सूत नाही, समोर पोरं नाहीत. बाईंना लग्नाबिग्नाची फुरसत कधी मिळालीच नव्हती. शिकवणं हेच काय ते होतं, आणि तेच आता समितीच्या हातात होतं. समितीसमोर एक व्याख्यान द्यायचं, विद्यार्थ्यांनाही ऐकायला मुभा, त्यावर ठरणार.

शेवटच्या वर्षाला सिल्व्हियो नावाचा एक पोरगा होता. रंगाऱ्याचा मुलगा, ताडमाड उंच, तोंडाळ. त्याने बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, अजिबात घाबरायचं नाही. आम्ही आहोत."

"तुम्ही आहात, हीच तर भीती आहे," बाई हसून म्हणाल्या.

"अहो, चेष्टा नाही. सगळी येणार आहोत. पास झालेली पोरंसुद्धा बोलावलीयत. बघाच तुम्ही!"

बाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि वर गेल्या. तेव्हाच खडसावून गप्प बसवलं असतं तर? पण प्रेमाने कुणी येतो म्हटलं तर नको कसं म्हणायचं?

व्याख्यान उत्तम झालं. बाईंनी नवाकोरा निळा स्वेटर घातला होता आणि तो कोपरापर्यंत उसवला. समितीचे अध्यक्ष प्रोफेसर ल्युडेके पुढे वाकून ऐकत होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकून मान डोलावली, चक्क हसले. शेवटी समितीने रीतीप्रमाणे बाकावर टकटक केली. एवढ्यावर थांबलं असतं तर आज ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण सिल्व्हियो उठला. बाईंसाठी नुसती टकटक त्याला कमी वाटली. तो उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, मागोमाग सगळं सभागृह उठलं, आणि बघता बघता त्या टाळ्या एका तालात पडायला लागल्या. थप, थप, थप. कुणी ठरवलं नव्हतं, हातांना तेवढंच येत होतं. पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. बाईंचे डोळे भरून आले. हात वर करून थांबवता आलं असतं, पण इतक्या वर्षांत कुणी त्यांच्यासाठी उभं राहिलं नव्हतं, त्यांना ऐकावंसं वाटलं. मग त्यांची नजर ल्युडेकेंकडे गेली. ते आता हसत नव्हते. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

काय सांगितलं, ते मार्लीसकडून कळलं. मार्लीस विभागाची सचिव, बाईंची बरोबरीची मैत्रीण. समितीच्या बैठकीत टिपणं घ्यायला तीच होती. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिने सोल्यांका सुपाचे दोन वाडगे आणले आणि स्वतःच्या वाडग्याला हातही लावला नाही.

"सांग की," बाई म्हणाल्या.

"अर्जांच्या यादीत तू पहिली होतीस, रोझविटा. भाषण संपेपर्यंत तूच पहिली होतीस."

"आणि मग?"

"मग ल्युडेके म्हणाले, हा काय प्रकार आहे? विद्यार्थी कधी मास्तरवर इतकं प्रेम करतात का? ही त्यांच्या पार्टीची कवायत झाली. म्हणाले, बाईने माणसं आणून बसवली होती. ज्या बाईच्या खुणेवर अख्खं सभागृह उठून तालात टाळ्या वाजवतं, तिला नव्या विद्यापीठात घ्यायचं म्हणजे जुन्यालाच दार उघडायचं."

बाईंनी चमचा सुपात सोडून दिला.

"अगं, मी बोलले," मार्लीस म्हणाली. "मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे पोरांना आनंद झाला की ती अशीच वाजवतात. त्यांना दुसरं येतच नाही. तर माझ्याकडे असं बघितलं सगळ्यांनी! वाटलं, आता माझाही नंबर. मग गप्प बसले."

"बरं केलंस. तुझी दोन पोरं शिकायचीयत."

"अगं, चिड तरी! टेबल उलटं कर!"

"आधी पार्टीत नाही म्हणून," बाई म्हणाल्या, "आणि आता पार्टीची म्हणून." आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मार्लीसने त्यांचा हात घट्ट धरला तेव्हा कळलं की त्या केव्हाच्या रडतायत.

बाहेर सिल्व्हियो उभाच होता, तोंडभर हसत. "काय बाई, कशी उडवली त्यांची झोप? आपली जागा पक्की ना?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सांगावं? जिभेवर आलं होतं. पण ह्या पोराला जन्मभर ते ओझं द्यायचं? "अजून कळवलं नाही रे," त्या म्हणाल्या. "पण टाळ्या झकास होत्या."

जागा पश्चिमेकडच्या टीमान नावाच्या तरुण माणसाला मिळाली. बाईंना आभाराच्या चार गोड शब्दांत वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. रोजगार कार्यालयाने त्यांना नोकरीसाठी अर्ज कसा लिहावा हे शिकायला बसवलं, आणि शेवटी गावाबाहेरच्या दुकानात त्या पडदे विकायला लागल्या. एकदा टीमानच सपत्नीक पडदे घ्यायला आले. त्यांनी ओळखलं नाही, ओळखणार तरी कसे? "तुम्हाला कापडातलं बरंच कळतं हो," ते कौतुकाने म्हणाले. "थोडंफार," म्हणत बाईंनी मीटर टेप गुंडाळली. पेन्शन लागेपर्यंत त्या पडदेच विकत राहिल्या.

सिल्व्हियो बव्हेरियात गेला, तिथे स्वयंपाकघरं बसवून देण्याच्या धंद्यात पडला. दर नाताळाला त्याचं कार्ड यायचं आणि त्यात एक वाक्य ठरलेलं: बाई, आठवतं का, आपण सभागृह कसं डोक्यावर घेतलं होतं? त्याला वाटायचं, जागा पैशाच्या टंचाईमुळे गेली. बाईंनीच तसं सांगितलं होतं. दर नाताळाला ते कार्ड वाचायचं, दिवाणखान्यात मांडून ठेवायचं आणि उत्तर लिहायचं की हो रे, आठवतं तर.

मागल्या वर्षी विद्यापीठाच्या नवस्थापनेच्या वाढदिवसाचा मोठा समारंभ झाला. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही आमंत्रण होतं. बाई काठी टेकत गेल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. बाक तेच होते, वरून चकचकीत पॉलिश मारलेले. तेलाचा वास कधीच गेला होता. नवे कुलगुरू, चाळिशीतले, उत्साही, हात हलवत बोलत होते: "नवस्थापनेच्या आधी इथे काय होतं? शून्य! त्या शून्यातून आपण हे उभं केलं."

सगळ्या सभागृहाने टकटक केली. आईने खांदे सोलवटून आणलेल्या त्या फळ्यांवर.

बाई उठल्या. काठी बाकाला टेकवली आणि टाळ्या वाजवायला लागल्या. एकट्याच. थप, थप, थप. ताठ उभ्या, कुलगुरूंच्या डोळ्यांत डोळे घालून. ती शिवी होती, चांगली सणसणीत, साठ-सत्तर वर्षं साचलेली. लोक वळून बघायला लागले. कुलगुरू क्षणभर गोंधळले, मग त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि बाईंना लवून नमस्कार केला. फोटो निघाला. टकटक आणखी वाढली. एका मुलीने अदबीने त्यांना खाली बसवलं आणि पाणी आणून दिलं.

फोटो वर्तमानपत्रात छापून आला. खाली लिहिलं होतं: जुन्या पिढीचाही उत्स्फूर्त प्रतिसाद.

दोन दिवसांनी बव्हेरियातून फोन आला.

"बाई! बायकोने फोटो दाखवला! अहो, एकट्याच उभ्या राहून? काय तुमची हिंमत!" सिल्व्हियो आनंदाने ओरडत होता. "खरं सांगा, टाळ्या अशा वाजवायच्या हे आमच्याकडूनच शिकलात ना?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो रे बाबा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडूनच."