फाटकं नेसून साक्ष

पोरी, हे कागद माझ्या मांडीला मांडी लावून बसल्यावानी वाच. तो मोबाईल ठेव बाजूला. सख्ख्या बहिणीची लेक तू. पाथरीहून पिंगळी काय परमुलूख हाय का? पाचदा "मावशी, येते" म्हणलीस, आली न्हाईस. परवा मात्र सांगितलंस, तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तुला पाहुण्यांपुढं साक्ष द्यायला, प्रभूनं आपलं जिणं कसं बदललं ते सांगायला, उभं करायचं ठरवलंय. तू हो म्हणलीस. म्हणून लिहायलेय.

मलाबी यंदा उभं केलं होतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत शहरातले पाहुणे येणार होते. मी देवळाच्या दारात. अंगावर नवं हिरवं लुगडं, ऊसतोडीहून आल्यावर माझ्या कमाईचं घेतलेलं. आमच्या पाळकाची बायको आडवी झाली. पदर चिमटीत धरला.

"हे काय? लग्नाला आलीस का? जा, जुनं नेसून ये. साक्ष नम्रपणानं द्यायची असती."

मागं बाया फिसकन हसल्या. बाईच्या अंगावर रेशमी होतं.

मी गेले गं. ठिगळाचं नेसून आले. त्याची चीड अजून माझीच मला येती.

पाळकसाहेब कानाशी म्हणले, "मान खाली ठेव. आधी तुमी कसे घाणीत होता, ते सांग."

सांगायला लागले. गावाबाहेरची वस्ती, ओंजळीत वरून ओतलेलं पाणी, माझी माय. पाहुणे च्‌ च्‌ करायले. एकीनं फोटो काढला. अन् मायचं नाव घेताना जीभच अडली. गावातली निम्मी लेकरं तिच्या हातावर जन्मली. ती घाण? तिला दारात उभं न करणारे कोण मग?

मान वर केली.

"देवापुढं मी रोज वाकते. त्याच्यापुढं मी माती हाय. पण तुमीबी मातीच हाव. मग फाटकं मी एकटीनंच का नेसायचं?"

"बाई, हा गर्व हाय. खाली बस."

"प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, साहेब. तुमच्या बाईनं माझा पदर चिमटीत धरला."

अन् आपल्या पायानं बाहेर आले.

तवापासून कुणी धड बोलत न्हाई. देऊळ झाडायची किल्ली काढून घेतली. प्रार्थनेला बसले की रागच येतो. एवढी वर्षं नम्रता शिकवली, ती कुणापुढं? माझं मला कळलं ते असं: देवापुढं आपण हाव तेवढंच सांगावं. फुगवून न्हाई, कापून न्हाई. पाहुण्यांसाठी स्वतःला कमी करून सांगितलं, तर तेबी खोटंच.

देव मी सोडणार न्हाई. देऊळबी न्हाई. येत्या रविवारी पहिल्या बाकावर बसणार हाय. उठवलं तरी उठणार न्हाई. माझी माय मात्र कुणाच्या हळहळीसाठी परत मांडणार न्हाई.

तू काय करायचं, ते तू ठरव. पण उभी राहायच्या आधी ये. परभणीपर्यंत बस हाय, पुढं जीप मिळती. शनिवारीच ये गं.