मोहाच्या दिवसांतलं रिकामं अंगण

ते अंगण मला अजूनही जसंच्या तसं दिसतं. सारवलेलं, झाडलेलं, कोपऱ्यात खराटा उभा, आणि वाळत घातलेलं काहीच नाही. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, खून पाहिले, पुष्कळ विसरले. ते अंगण विसरत नाही. नातवंडं म्हणतात, आजी, पोलिसातली एखादी मर्दुमकीची गोष्ट लिहून काढ. ही मर्दुमकीची नाही, आधीच सांगून ठेवते. पण तरण्या पोरापोरींनी वाचावी अशी माझ्याजवळ हीच आहे. नाव कोणाचंच घेणार नाही, गावाचंही नाही आणि ठाण्याचंही नाही.

पन्नास सालानंतरचे दिवस. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता, सगळा चांदाच. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलपट्टीत आमचं ठाणं होतं. माझे मालक तिथे शिपाई होते. ते तापाने गेले आणि ठाणेदारांनी मला कामावर ठेवून घेतलं. काम काय, तर बाईमाणूस पकडून आणलं की तिची झडती घ्यायची, आणि ती हवालातीत असेल तोवर दाराशी बसायचं. वर्दी नाही, बिल्ला नाही, हजेरीपटावर नावही नाही. लोक झडतीवाली बाई म्हणत. मी ठाणेदारांच्या मागे सारखी लागायची, साहेब, मले वर्दी द्या. ते हसायचे. "बाई, तुले वर्दी घातली तर चोर पळायचं सोडून पाहत उभे राहतील." सगळं ठाणं हसायचं. मीही हसायची. मनात मात्र लागायचं.

फागुन सरत आला होता. एका दुपारी राखीव जंगलात आग लागली आणि तोडीसाठी राखलेला बांबू जळाला. आगीवर नजर ठेवायला जंगलखात्याने एक म्हातारा राखणदार ठेवला होता. तो विझवायला धावला आणि धुरात सापडून मेला. माणूस गेलं म्हणून प्रकरण आमच्याकडे आलं. जागेचा पंचनामा झाला. रस्त्याच्या कडेला अर्धी जळलेली बिडी सापडली, म्हणून त्या दुपारी तिथून गेलेला एक गाडीवान उचलून आणला.

तो हात जोडून सांगे, "साहेब, मी तंबाखू खातो. बिडीनं मले ठसका लागते. आताच पाजून पाहा ना."

बिडी कोणी पाजली नाही. चोप मात्र दोन दिवस मिळाला. मी त्याला भात नेऊन द्यायची, तर त्याचा डावा डोळा उघडत नव्हता.

तिसऱ्या दिवशी चुडीवाले चाचा आले. वडशाकडचे मुसलमान, वयस्कर, गावोगाव चुड्या भरत फिरायचे आणि ऊन चढलं की ठाण्याच्या पडवीत टेकायचे. पाणी पिऊन ते म्हणाले, "लगनसराईत असं पहिल्यांदा पाहिलं, बाई. नवरी पोरगी हातच पुढं करत नाई. पदराखाली लपवून बसली. मी म्हटलं, बेटी, शरमतेस काऊन? चुड्या भरून राह्यलो, हात मागून नाई राह्यलो. तर रडायलेच लागली."

"कोणत्या गावी, चाचा?"

त्यांनी गाव सांगितलं. जळालेल्या जंगलाला लागूनच होतं ते. घर विचारलं तशी चाचांनी पेटी बांधायला घेतली. "लगनं तिथी तीन घरी आहेत. मले काय याद राहते."

मला तेव्हाच्या तेव्हा काही कळलं नाही. चुलीवरचं भांडं उतरवताना बोटं भाजली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. चुडी चढवायची तर हात आवळावा लागतो. भाजलेला हात कसा आवळणार? मी तशीच ठाणेदारांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी पहिल्यांदाच माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणेदार, दोन शिपाई आणि मी त्या गावात गेलो. मोहाच्या दिवसांत आमच्याकडच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. पहाटेपासून फुलं गळतात, बायापोरी वेचून आणतात आणि अंगणभर वाळत घालतात. सगळ्या गावाला तो गोड वास. झाडं जंगलातली, सरकारची, पण कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे आजे-पणजे ठरवून गेलेले. आणि एक गोष्ट वेचणारीलाच माहीत असते. फूल पाचोळ्यात पडलं की हाती लागत नाही, म्हणून बुंध्याखालचा पाचोळा आधी जाळून जमीन मोकळी करतात. माझी आई जाळायची. मी स्वतः जाळलाय. सगळेच जाळतात, आणि पोलीस दिसला की कोणीच जाळत नाही.

शिपाई दारोदार विचारत होते, आग कोणी लावली? माहीत नाई. कोणाले पाहिलं? नाई. मी माणसांकडे पाहिलंच नाही. मी अंगणं पाहत चालले. या घरी काल वेचलेली फुलं, तपकिरी पडलेली. त्या घरी आजची, पिवळी. आग विझल्यावरही मोह गळतच होता, आणि लोक पोटासाठी वेचतच होते. गावाच्या टोकाला एक घर. दाराशी लग्नाचा चुना नवा मारलेला. अंगण रिकामं. ऐन मोसमात या घरचं झाड कोणीच का वेचत नाही? ज्याला त्या झाडाजवळ जायची भीती वाटते, त्याचंच हे घर.

मी पदर खोचून साहेबांकडे गेले. "साहेब, घर सापडलं." शिपाई तोंडाकडे पाहत राहिले. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला फार बरं वाटलं.

ठाणेदारांनी शिपायांना गावाबाहेर आंब्याखाली नेऊन बसवलं. मला म्हणाले, "तू एकटी जा. आम्ही दिसलो तर घरचे तोंड नाई उघडणार."

"साहेब, पोरीले काही होणार तर नाई ना?"

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "खरं बोलली तर बघू."

मी अंगणात जाऊन हाक दिली, "पाणी देतं का व, माय?"

पोरगी बाहेर आली. अठरा-एकोणीसची, सावळी, टपोऱ्या डोळ्यांची. घरात एकटीच होती, माय नदीवर गेलेली. तिने पाण्याचा लोटा दोन्ही मनगटांत धरून आणला. तळवे लागू दिले नाहीत. मी पाणी प्यायले, ओट्यावर बसले, लग्नाचं विचारलं.

"नवरा कसा आहे व?"

"काळा आहे."

"तू कोणती गोरी आहेस?"

ती हसली. "पण नाटकात बाईचं काम करते तो. लुगडं नेसला का माह्यापेक्षा सुंदर दिसते. माय म्हणते, लगनात नवरी कोणती ते लोकाले सांगा लागन."

दोघी खूप हसलो. हसू थांबलं तेव्हा मी म्हटलं, "आता हात दाखव."

तिचा चेहरा उतरला. "बाई, तुम्ही कोण आहा?"

"मी कोणी नाई. तुह्या मायसारखी आहे. एक गाडीवान तिकडं फुकट मार खाऊन राह्यला, व. सांगून टाक. तुले काही होणार नाई. माहा शब्द आहे."

तिने पदराखालून हात काढले. दोन्ही तळव्यांवर फोड, काही फुटलेले, वर कसलासा पाला वाटून लावलेला. मग ती बोलत गेली. दुपारी पाचोळा पेटवला, रोजच्यासारखा. वावटळ आली आणि आग गवतात गेली. डहाळीने झोडली, डहाळी पेटली. मग हातांनी माती लोटली. ओरडली. राखणदार म्हातारा धावत आला. त्याला ती आजा म्हणायची, रोज ओंजळभर मोहफुलं द्यायची.

"आजा म्हणे, पोरी, तू पळ घरी, मी पाहतो. म्हणून मी पळाली, बाई. त्यानं पळ म्हटलं म्हणून पळाली. नाईतर पळाली नसती." हेच ती पुन्हापुन्हा सांगत होती. आग लावली याचं तिला इतकं नव्हतं. पळाली, याचंच होतं.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आंब्याखाली परत आले तेव्हा माझेही डोळे ओले होते. "साहेब, पोरीनं लई विझवली हो. हात पाहा तिचे."

साहेब लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "हे तुले कोर्टात सांगा लागते."

"मले? मी कशाले?"

"पोलिसापुढची कबुली कोर्ट मानत नाई. पण तू पोलीस कुठी आहेस? म्हणून तर तुले एकटी पाठवली."

आत्ताच तिच्या लोट्यातलं पाणी प्यायले होते मी.

"तुम्ही म्हणाले होते, काही होणार नाई."

"मी बघू म्हणालो होतो, बाई."

आणि ते खरं होतं. साहेबांनी मला 'बघू' दिलं होतं. मी ते पोरीला 'काही होणार नाही' करून दिलं. मधला फरक माझा होता, दुसऱ्या कोणाचा नाही.

गाडीवान त्याच दिवशी सुटला. ते चांगलंच झालं. त्याच्या जागी ती आली. तिच्या हवालातीच्या दाराशी मलाच बसावं लागलं. मी भात आत सरकवायची आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. डॉक्टरने हात तपासले. जे हात आग विझवायला गेले, तेच पुरावा म्हणून कागदावर चढले.

कोर्टाच्या आदल्या दिवशी ठाणेदारांनी मला बोलावलं. "तिचा वकील विचारेल, पोरीले काही वचन दिलं होतं का. विचार करून उत्तर दे." मग टेबलावरचा एक कागद उचलून म्हणाले, "तुह्या वर्दीचं वर लिहून राह्यलो."

दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली. एकमेकांशी जोडली नाहीत. जोडायचं काम माझ्यावर सोडलं.

कोर्टात तिच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही."

"तुला काही होणार नाही, असा शब्द तुम्ही आरोपीला दिला होता का?"

मी पोरीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. रागाने नव्हे. आता बाई खरं सांगेल, अशा विश्वासाने. हो म्हटलं असतं तर निदान तो जबाब ढिला पडला असता, कदाचित ती सुटलीही असती.

मी म्हटलं, "नाही."

तिने मान खाली घातली आणि आपल्या तळव्यांकडे पाहत राहिली. कातडी नवी, गुलाबी आलेली होती. दीड वर्षाची सजा झाली. लग्न मोडलं. आणि पावसाळा संपता संपता माझी खाकी साडी आणि बिल्ला आला. त्या भागातली पहिली पोलीसबाई म्हणून लोक ठाण्यात बघायला यायचे. पुढे मी जमादारही झाले. पण पाया त्या 'नाही'चा होता.

पुष्कळ दिवसांनी एका आठवडी बाजारात माझी ड्युटी होती. ती मोह विकायला बसली होती. एकटीच. मी थांबले.

"ओळखलं का, व?"

"ओळखलं ना." तिने माझी खाकी खालपासून वरपर्यंत पाहिली. "बरं झालं बाई, तुम्हाले वर्दी भेटली."

मला भरून आलं. वाटलं, पोरीनं मन मोठं केलं. मी काही बोलणार, तेवढ्यात तिने सांडलेली फुलं त्या डागाळलेल्या हातांनी गोळा केली आणि म्हणाली, "आता तुम्ही कोण आहा ते दुरूनच दिसते."

पोरांनो, तुमच्यातल्या पुष्कळांना नोकऱ्या लागतील, वर साहेब असतील आणि खाली कोणीतरी तुमच्यावर भरवसा ठेवून बसलेलं असेल. साहेबाच्या तोंडचा शब्द खाली नेताना तो आहे तेवढाच न्या. वाढवून नेऊ नका. गोड बोलून कोणाचं मन उघडता येतं, ते मला छान यायचं. पण जे उघडलं ते सांभाळायची ताकद आपल्यात आहे का, हे मी आधी पाहिलं नाही. आणि एवढं होऊनही खरं बोलायची एक वेळ मला मिळाली होती, भर कोर्टात. ती मी एका साडीसाठी घालवली. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

त्या बाजारानंतर कोणाच्याही अंगणात गेले की मी आधी उभ्यानेच सांगायची, मी पोलीस आहे. मग पाणी मागायची. पुष्कळ घरांनी दिलं नाही. मी तशीच तहानलेली परत यायची.