तुलनेसाठी ठेवलेली ज्वारी

मी कृषी सहायक आहे. राहायला गारखेड्यात, काम गंगापूरकडच्या गावांत. लोकांना सल्ला देण्याचा मला पगार मिळतो आणि खरं सांगायचं तर हौसही आहे. घरी नवऱ्याला तो फुकट मिळतो. म्हणूनच हे सांगताना जीभ जड होते.

काही वर्षांपूर्वी खरीप ज्वारीचं एक सुधारित वाण आमच्याकडे प्रात्यक्षिकासाठी आलं. खरिपाच्या ज्वारीचं दुखणं जुनं आहे. दाणा पक्का होताना पाऊस लागला की कणसावर बुरशी चढते, दाणे काळे पडतात, भाकरी कडवट लागते. नवं वाण या बुरशीला दाद देत नव्हतं. पण नुसतं सांगून कोण ऐकतं? म्हणून नव्याच्या शेजारी जुनी ज्वारीही पेरायची, अशी आमची पद्धत. दोन्ही शेजारी उभ्या दिसल्या की भाषणाची गरज राहत नाही.

रस्त्याकडेचं एका मावशींचं शेत मी निवडलं. साठी ओलांडलेल्या, शेती एकट्याच बघायच्या. अर्ध्या वावरात नवं वाण, अर्ध्यात त्यांची घरची ज्वारी. तिचं बी त्यांनी लग्नानंतर माहेराहून आणलेलं. दरवर्षी कापणीआधी उभ्या पिकातली चांगली कणसं खुडून त्या चुलीच्या वर, धुरात बांधून ठेवायच्या. तेच पुढच्या वर्षीचं बियाणं.

पीक तयार झालं. शेतकऱ्यांना प्लॉट दाखवायचा दिवस ठरला आणि साहेबांना दुसरं काम निघालं म्हणून पुढं गेला. तेवढ्यात आभाळ भरून आलं. मावशींचा फोन आला.

“मॅडम, लई पाणी येईल असं दिसतंय. माझी ज्वारी काढून घेऊ का?”

“चार दिवस थांबा ना मावशी. लोक आल्यावर मी काय दाखवू?”

“मंग बियाण्याची कणसं तरी खुडते.”

“नको. मधेमधे बिनकणसाची बोडखी ताटं दिसतील.”

“बरं. तुमी म्हणताय तर ऱ्हाऊ द्या.”

पाऊस तीन दिवस लागून होता. कबूलच करते, मला तो हवाच होता. घरात चहा पिताना मी खिडकीतून त्याच्याकडं कौतुकानं बघत होते.

कार्यक्रम झकास झाला. एकीकडं पांढरी कणसं, दुसरीकडं काळी. साहेबांनी पाठ थोपटली. मी भरपूर फोटो काढले. सगळ्यांना चहा मावशींनीच दिला.

पंधरा दिवसांनी गेले तर मावशींनी काळ्या कणसांतले दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायला ठेवले होते. ही रीत मीच शिकवलेली. त्यांनी गोणपाट उलगडलं. कोंब कुठं कुठं आले होते, तेही पिवळट, मरतुकडे.

“गावात कोणाकडं असेल ना हे बी?” मी विचारलं.

“नाय. दुसरं कोणी ठेवत नाय, लागलं की माझ्याकडूनच न्यायचे समदे.”

मी नव्या वाणाचं बी दिलं. ते चांगलं आलं, पावसातही दाणे पांढरे राहिले, त्याची भाकरी मावशी आवडीनं खातात. त्या वाणाला मी आजही नावं ठेवणार नाही. पण ते सिद्ध करायला एका बाईचं माहेरचं बी मी डोळ्यांदेखत कुजू दिलं, याची मला लाज वाटते. आणि एवढ्यावर भागलं असतं तर निदान लाज तरी वाटली म्हणून स्वतःची समजूत घातली असती.

पुढच्या वर्षी तालुक्याला शेतकरी महिलांचं प्रशिक्षण होतं. मी पडद्यावर काळ्या कणसांचा फोटो लावला. समोरून एकीनं विचारलं, “एवढी काळी होवस्तर वावरात कशाला ठेवली व्हती?”

“काही लोक वेळेवर काढणी करत नाहीत,” मी म्हणाले, “कितीही सांगा.”

किती सहज बोलून गेले. बोलल्यावर तिसऱ्या रांगेत बसलेल्या मावशी दिसल्या.

“कुणाचं वावर हाये हे?” ती बाई हसत म्हणाली.

मावशींनी पदर सारखा केला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “माझंच. काढायचं ऱ्हाऊन गेलं.”

सगळ्याजणी हसल्या. मी पुढचा फोटो लावला.