दोष हाताचा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. या सदरातले लोकांचे अतर्क्य अनुभव वाचायचो, मनातल्या मनात त्यातल्या चुका काढायचो आणि पान बंद करायचो. आता ज्या बाईंबद्दल लिहितोय त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या. म्हणजे आता लिहिल्याने कुणाचं काही बिघडणार नाही... आणि कुणाचं काही सुधारणारही नाही. मला काहीच भोगावं लागू नये अशी वेळ बघून मी लिहायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो.

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही भूत म्हणून काही पाहिलंय असा माझा दावा नाही. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात माझी सगळी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. समोर आलेला जॉब — घडवून आलेल्या भागाला आमच्याकडे जॉब म्हणतात — मोजायचा आणि पास करायचा, नाहीतर रिजेक्ट. माप जुळलं नाही तर चूक जॉबची, मोजायच्या गेजची नाही, या शिस्तीत मी मुरलो. रिटायर झाल्यावर बरखेड्याचं कारखान्याचं क्वार्टर सोडलं, शाहपुऱ्यात फ्लॅट घेतला, एक महागडा कॅमेरा घेतला आणि मराठी फोटोग्राफरांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर बघता बघता ‘सिनियर’ झालो.

ग्रुपची एक पद्धत होती. नवख्याने फोटो टाकायचा, त्याखाली कॅमेऱ्याची सगळी सेटिंग द्यायची, मग लोक चुका सांगणार. शेवटी एखादा सिनियर ‘निकाल’ लिहिणार आणि त्या चर्चेला कुलूप लागणार. त्यानंतर कुणालाच, अगदी फोटो टाकणाऱ्यालाही, तिथे काही लिहिता येत नसे. ही निकालाची पद्धत मीच सुरू केली होती. तिचा मला अभिमान होता.

तेव्हा हबीबगंज स्टेशनचं नाव हबीबगंजच होतं, म्हणजे काही वर्षं झाली. ग्रुपवर कुमुदताई नावाच्या एक बाई आल्या. भोपाळच्याच, बरखेड्यालगत राहणाऱ्या. त्यांनी लिहिलं होतं —

“नमस्कार. मी नवीन आहे. भाचीचा जुना कॅमेरा मिळाला आहे. मिस्टरांचा एक चांगला फोटो काढायचा आहे. त्यांना फोटोची चीड, त्यामुळे घरात लग्नानंतरचा एकही नाही. आता लिव्हरचं दुखणं आहे, फार वेळ आहे असं डॉक्टर म्हणत नाहीत. बाकी सगळं नीट येतं, फक्त यांचा चेहरा येत नाही. माझं काय चुकतं ते कृपया सांगावे.”

खाली फोटो. अंगणात खुर्चीवर बसलेला चौकड्याच्या शर्टातला माणूस. आणि चेहऱ्याच्या जागी, ओल्या पाटीवरून बोट फिरवावं तसं काहीतरी.

लोकांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. “काकू, शटर स्पीड वाढवा.” “काकांच्या तोंडात तंबाखू आहे का? चावणं थांबवायला सांगा.” कुणी हसरे चेहरे टाकले. मी लिहिलं, “हात हलतोय. कॅमेरा टेकवून काढा. आधी मूलभूत गोष्टी शिका, मग फोटो टाका.”

त्यांनी स्टुलावर पुस्तकांची चळत रचून तिच्यावर कॅमेरा ठेवला. पुन्हा तेच. शटर स्पीड इतका वाढवला की उडतं पाखरूसुद्धा जागच्या जागी थांबलं असतं. पुन्हा तेच, उलट चेहरा आधीपेक्षा जास्त पुसलेला. दर वेळी त्या लिहायच्या, “सर, तुम्ही सांगितलंत तसं केलं.” दर वेळी मी लिहायचो, “हात हलतोय.”

इथे एक गोष्ट फोटोग्राफी न कळणाऱ्यांसाठी सांगतो. हात हलला की सगळा फोटो हलतो, एकटा चेहरा नाही. त्यांच्या फोटोत कॉलरची शिवण मोजता येत होती. मागच्या दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलच्या चिमट्याची स्प्रिंगसुद्धा दिसत होती. हे मला पहिल्या फोटोतच दिसलं होतं. पण कारण सापडत नाही असं लिहिणं मला जमलं नसतं, म्हणून मी हात लिहीत राहिलो.

मग कुणीतरी टोचलं — “सर, तुम्हीही भोपाळचेच ना? जाऊन एकदा दाखवूनच द्या की.” मी दोघांना रविवारी सकाळी शाहपुऱ्याच्या तलावावर बोलावलं.

दोघं रिक्षातून उतरले. वसंतराव, म्हणजे त्यांचे मिस्टर, हडकले होते, डोळे पिवळे. पण माझ्याकडे बघताच हसले.

“ओळखलं का साहेब? भट्टीवरचा, फोर्ज शॉपमधला. माझे किती जॉब परत पाठवलेत तुम्ही.”

“खराब असतील.”

“खराबच होते, म्हणून तर लक्षात आहे. आता थोबाड आणलंय तपासायला. रिजेक्ट केलंत तर घेऊन कुठे जाऊ, तेवढं सांगा.”

“गप्प बसा हो जरा,” कुमुदताई म्हणाल्या. “चेहरा सरळ ठेवा.”

“सरळच आहे. तूच चाळीस वर्षं वाकडा म्हणतेस.”

फिरायला आलेला एक ओळखीचा तरुण थांबून म्हणाला, “क्या अंकल, मॉडलिंग चल रई है?”

“हाँ खां,” वसंतराव म्हणाले, “विलेन का रोल मिला है.”

ऊन कोवळं होतं, वारा नव्हता. त्यांना बाकावर बसवलं आणि फोटो काढला. मागच्या स्क्रीनवर बघितलं. बाकाचा उडालेला रंग दिसत होता. शर्टाच्या बटणातला दोरा दिसत होता. चेहरा नव्हता.

मी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. लेन्स बदलली. डोळ्यावर हाताने फोकस केला — बटण दाबेपर्यंत त्या डोळ्यातली तांबडी शीरसुद्धा मला स्वच्छ दिसत होती. फोटोत मात्र पुसलेलं. मोबाइलवर काढला, तेच. मग कुमुदताईंना शेजारी बसवलं. त्यांच्या हनुवटीवरचा तीळ अगदी रेखीव, आणि त्यांच्या खांद्याला लागून तो डाग.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. पण भीतीहून मोठं काहीतरी होतं. ग्रुपवर हे सांगावं लागेल, हा विचार. महागड्या लेन्सवाल्या सिनियरलाही चेहरा आला नाही... लोक काय हसतील.

“सर,” कुमुदताईंनी विचारलं, “तुमच्या कॅमेऱ्यात आला ना हो चेहरा?”

मी म्हणालो, “आला. छान आलाय.”

“दाखवा ना.”

“उन्हात स्क्रीनवर दिसणार नाही. घरून पाठवतो.”

वसंतराव माझ्याकडे बघत होते. या वेळी ते काही गमतीचं बोलले नाहीत. कुमुदताईंनी स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. “म्हणजे माझंच चुकत होतं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं, कळलं एकदाचं.”

त्यांची रिक्षा वळायच्या आत मी कॅमेऱ्यातले आणि मोबाइलमधले सगळे फोटो डिलीट केले. दुसऱ्या दिवशी त्यांना कळवलं की कार्ड खराब झालं, फोटो गेले, माफ करा. हो, ‘माफ करा’ हे शब्द तेव्हा मी लिहिले होते. कार्डाबद्दल. पुन्हा बोलवा म्हणाल्या असत्या तर काय करायचं, याची कारणंही तयार ठेवली होती. पण त्यांनी विचारलंच नाही. आणि ग्रुपवर मी निकाल लिहिला — “प्रत्यक्ष भेटून तपासले. कॅमेरा ठीक. विषय ठीक. दोष हाताचा.” कुलूप.

वसंतराव त्यानंतरही बरेच महिने होते. दिवाळीच्या आधी गेले. तेराव्याला आम्ही कारखान्यातले काही जण गेलो होतो. हार घातलेला फोटो होता तो गेटपासवरून मोठा केलेला, पंचविशीतला. कानावर कारखान्याचा अर्धा शिक्का आलेला. शेजारची एक बाई दुसरीला विचारत होती, “हा त्यांचा मुलगा का?” जेवताना त्यांच्या भाचीकडून कळलं की मावशीने तिचा कॅमेरा केव्हाच परत केला. तलावावरून आल्यानंतर मावशीने एकही फोटो काढला नाही.

आता ज्यासाठी हे या सदरात लिहितोय ते सांगतो. दोनेक वर्षांनी एका दुपारी नातीच्या बारशाचे डिलीट झालेले फोटो शोधत होतो. ते तलावाच्या आधी त्याच कार्डावर काढलेले होते. तलावानंतर मी ते कार्ड वापरलं नव्हतं, भीतीने म्हणा किंवा लाजेने. पुसलेले फोटो परत आणणारा प्रोग्रॅम लावला. बारशाचे फोटो आले, आणि त्यांच्यामागून तलावाचे.

सगळ्यांत चेहरा होता. एकूण एक फोटोत. पिवळट डोळे, दाढीचे पांढरे खुंट, काहीतरी बोलायला वर उचललेला ओठाचा कोपरा. जोडीने बसलेल्या फोटोतही दोघं स्पष्ट.

तुम्ही जे विचाराल ते मीही स्वतःला विचारून झालंय. स्क्रीनवर छोटी प्रत दिसते, मूळ फाइल वेगळी असू शकते — मान्य. पण फक्त चेहऱ्यापुरती? आणि कुमुदताईंच्या कॅमेऱ्याचं काय? त्यांचे फोटो ग्रुपवर अजून आहेत, कुलपाखाली. मी जाऊन पाहिले. त्यांत चेहरा आजही पुसलेलाच आहे. न्यू मार्केटमधल्या ओळखीच्या दुकानदाराला कॅमेरा आणि दोन्ही लेन्स तपासायला दिल्या होत्या. तो म्हणाला, सर, इसमें कोई फ़ॉल्ट नहीं है. मोबाइलमधला फोटो परत आला नाही, त्याबद्दल मला काही सांगता येत नाही. तलावावर मी जे खोटं बोललो होतो — आला, छान आलाय — ते नंतर खरं झालं.

एक मोठी प्रिंट काढली. पिशवीत घालून बरखेड्याला गेलो. कुमुदताई एकट्याच होत्या, वाकल्या होत्या. भिंतीवर तोच गेटपासवाला फोटो. त्यांनी चहा टाकला, साखर विचारली. मी पिशवी मांडीवर धरून बसलो. फोटो द्यायचा तर तेव्हा तो नव्हता हे सांगावं लागणार, आणि नव्हता तर ‘आला’ का म्हणालात, याचं उत्तर द्यावं लागणार. घरून वाक्यं जुळवून आणली होती. चहाचा कप समोर ठेवून आधी त्याच बोलल्या.

“सर, एक बोलायचं राहूनच गेलं होतं. तेव्हा ग्रुपवर तुम्हा सगळ्यांना फार त्रास दिला मी. हात माझा नीट नव्हता, आणि उगीच विचारत बसले. हे शेवटी शेवटी म्हणायचे, अगं, अजून एक काढून तर बघ. मी म्हटलं, नको, माझ्या हातून नाही होत. तुम्ही राग मानला असेल तर माफ करा.”

मी म्हणालो, “असू द्या, ताई.”

चहा संपवला. पिशवी उचलली. त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या, पावसापाण्याचं बोलल्या, सुनबाईंची चौकशी केली. तिथेही वेळ होता. बोलायचं होतं ते फार नव्हतं.

ताई, मला माफ करा. तुमचा हात हलत नव्हता. माझ्याही कॅमेऱ्यात चेहरा आला नव्हता.