एसी बंद पडला त्या दुपारी

शिरूरजवळच्या आमच्या संशोधन संस्थेत फ्लो सायटोमीटर एकच आहे. रक्तातल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडायच्या, कुठली कशी चमकते ते मोजायचं आणि हव्या त्या वेगळ्या काढायच्या, हे त्याचं काम. यंत्र सगळ्यांच्या सामाईक वापराचं, सांभाळायचं मी. भांडणं नकोत म्हणून मी एक नियम घातला होता: चालू प्रयोग मध्येच थांबवायचा नाही, कुणासाठीही.

त्या एप्रिलमध्ये भर दुपारी एसी बंद पडला. आत क्षयरोगावर काम करणारे ज्येष्ठ डॉक्टर, आमचे सर, पेशी वेगळ्या करत बसले होते, काम निम्म्यावर आलेलं. मेकॅनिक पुण्याहून येणार, म्हणजे संध्याकाळ धरायची. खोली तापत चालली आणि पडद्यावरची लेझरची रेघ डळमळायला लागली. फार तापलं की यंत्र आपोआप बंद होतं.

तेवढ्यात रक्ताच्या कॅन्सरवर पीएचडी करणारी डॉक्टर दौंडच्या रुग्णालयातून पोचली. सरांनंतरची वेळ तिची होती. हातात नळ्यांचा डबा, पेशींना रंग लावून आणलेला. खोलीत पाऊल टाकताच तिला कळलं.

"मॅडम, हा रंग फार वेळ टिकत नाही," ती म्हणाली. "आणि पुन्हा रक्त घेऊन उपयोग नाही. पेशंट बाईंचं औषध आज सुरू झालंय. औषधाआधीच्या पेशी एवढ्याच."

मी सरांजवळ गेले. "सर, तुमचं थांबवावं लागेल."

त्यांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "नियम तुमचाच ना?"

"हो. पण यंत्र किती वेळ चालेल सांगता येत नाही. तुमच्या पेशंटचं रक्त परत मिळेल. तिच्या पेशंटचं नाही."

"आणि माझी एवढ्या दिवसांची तयारी?"

मी यंत्र थांबवलं. सरांनी आपल्या नळ्या बर्फात ठेवल्या, उठले आणि दार हळूच लावून घेतलं. त्यांनी ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

यंत्राची आतली नळी धुऊन मी तिची पहिली नळी लावली. पडद्यावर ठिपके उमटायला लागले आणि एकदम थांबले.

"काय झालं?"

"चोंदलंय. बोलू नकोस."

पेशींची गुठळी अडकली होती. घामानं हातमोजे आतून निसरडे झालेले. पाणी सोडलं, पुन्हा सोडलं. यंत्र उष्णतेचा इशारा देत पींपीं करत होतं. तिसऱ्यांदा ठिपके परत आले. मग आम्ही दोघी नळ्या बदलत राहिलो. शेवटची हातात घेतली आणि लेझर बंद पडला.

"एवढी एक राहिली," ती म्हणाली.

"तिच्याशिवाय जमेल?"

"जमवावं लागेल."

बाहेर बाकावर त्या बाईंचा नवरा बसला होता. खुटबावचा फुलशेती करणारा माणूस. डॉक्टरला वेळेत पोचवायला आपली पिकअप घेऊन आलेला.

"झालं का म्याडम?"

"बरंचसं झालं, दादा."

"मंग आता तिला गुण येईल न्हवं?"

मी डॉक्टरकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मी त्याच्या शेजारी बसले. "दादा, ह्या तपासणीनं त्यांचं औषध बदलणार नाही. हे पुढच्या पेशंटसाठी आहे. त्यालाही वेळ लागेल."

तो गळ्यातल्या टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "डॉक्टरबाई बोलल्या व्हत्या तसं. मला कळलं बी व्हतं. पर आज एवढी घाई बघून वाटलं..." तो उठला. "निघतो. ती एकलीच हाय तिकडं."

सरांनी संचालकांकडे तक्रार केली. बैठकीत मला सांगण्यात आलं की असा निर्णय एकटीनं घ्यायचा नव्हता. ते बरोबरच होतं. आता अशा वेळी कुणाला विचारायचं ते ठरलं आहे आणि खोलीत दुसरा एसी बसला आहे. सरांनी पावसाळ्यात नव्यानं रक्त गोळा करून प्रयोग पुरा केला. डॉक्टरचं काम एका नळीवाचून थोडं लंगडं राहिलं, पण उभं राहिलं. त्या बाई उपचार संपवून घरी गेल्या, दर महिन्याला दौंडला दाखवायला येतात.

सर माझ्याशी बोलतात. कामापुरतं.