चिनी सून, जपानी सासरे

माझं माहेर पेणचं. गणपतींच्या रंगात वाढलेली मी. कोरं लाकूड म्हणजे मला बिनआंघोळीचं माणूस वाटायचं. लग्न होऊन रोह्याजवळ वरसे गावात आले आणि पहिल्याच भाद्रपदात पडवीचे दोन्ही सागवानी खांब लालभडक रंगवले. सासरे सुतार. खांबावर हात फिरवून एवढंच म्हणाले, "गो, लाकूड ओलं हाय अजून. आतलं पाणी जायचं कुठं?"

म्हाताऱ्याला रंगातलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं. तेव्हा माझ्याकडे ब्रश होता, अक्कल यायची होती.

काही वर्षांत एका खांबाचा पाय रंगाआड कुजला. सासऱ्यांनी टेकू देऊन तेवढा भाग कापला आणि नवा पाय खाचेत खाच अडकवून बसवला. एक खिळा नाही. मी काय केलं? जोड दिसतो म्हणून त्यावरही लाल रंग फासला!

परवा मुलगा म्हणाला, "आई, सोमवारी फॅब्रिकेटर येतोय. जोडाचा खांब काढून लोखंडी पाइप लावू. भरवसा नाय त्याचा."

सासऱ्यांच्या हातचं घरात तेवढंच उरलेलं.

नात आर्किटेक्चर शिकते. चीन-जपानच्या लाकडी इमारतींवर तिला लिहायचं होतं, म्हणून मला लॅपटॉपवर चित्रं दाखवत बसली. चिनी महालाचे लाल खांब, छपराला आधार देणारे निळेहिरवे तोडे, कोपऱ्यांत उचललेलं छप्पर. जपानी देवळाचं लाकूड मात्र कोरं, छप्पर शांत उतरलेलं.

"जपान आधी चीनकडूनच शिकला, आजी. मग आपल्या वळणाने गेला."

"म्हणजे सुनेसारखाच!"

"आणि चिनी कारागीर रंगाखाली तेल, वीटपूड, तागाचा थर देतात. थेट नाही फासत."

"हे आत्ता सांगतेस मला?"

पुढच्या चित्रात जपानी खांब होता. जुन्या लाकडाला खाली नवा पाय, खाचेत खाच.

मी उठले, उलथनं घेतलं आणि पडवीतला रंग खरवडायला लागले. जोड उघडा पडला. मुलाने हातोडीने ठोकून पाहिलं, नख घालून पाहिलं. नख शिरेना. मग फॅब्रिकेटरला फोन लावला, "सोमवारी नको येऊस."

तो खांब आता कोराच ठेवलाय. दुसरा मात्र मी कुणाला खरवडू दिला नाही. नात म्हणते, चीन-जपानच्या तुलनेला बरा.